हाडातली काच

कारखाना कपबश्या आणि बेसिनं बनवण्याचा होता, आणि त्याच्याच कँटीनमधल्या बेसिनला वरपासून खालपर्यंत तडा होता. बाहेरचं बेसिन आणायचं तर अब्रू जाते आणि आपलं लावायचं तर विक्रीतलं एक कमी होतं, म्हणून तडा वर्षानुवर्षं तसाच राहिला होता. त्या तड्यावर हात धरून, बोटांवरचं श्रीखंड धुता धुता बाळ धुरंधर म्हणाला, "आता तुझ्या हाडांत काच कोण घालणार रे, विद्या?" आणि हसला. शेजारी उभा असलेला विद्याधर कोठारेही हसला. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या विनोदाला त्या दिवशी तरी हसायचं असतं, एवढी रीत साकीनाक्याच्या कारखान्यांतही पाळतात. हसून झालं, रुमाल काढून झाला, आणि मग उजव्या हाताची बोटं एकेक करून पुसताना त्याला जाणवलं की हा विनोद आपल्याला कळलेलाच नाही. "कसली काच?" त्याने विचारलं. "कसली म्हणजे? आपली. वड्यांतली." बाळने नळ बंद केला आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचं हसू चेहऱ्यावरून जायला निघालं, पण कुठे जावं ते न कळून मिशीखाली थोडा वेळ रेंगाळलं. "तुला माहीत नव्हतं? अरे, मला वाटलं तुला केव्हाच कळलंय. कळून तू गप्प बसलायस, असं समजून चाललो होतो मी, यार." एवढ्यात कोणीतरी हाक मारली, भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं राहिलं होतं. बाळ ओल्या हातांनीच गेला. टाळ्या झाल्या. टाळ्यांत विद्याधरच्याही होत्या, कारण हात रिकामे होते.

वड्या म्हणजे खायच्या नव्हेत. कारखान्यात उंची कपांसाठी हाडांची राख लागते. गोवंडीच्या बाजूने हाडं येतात, ती उकळून, भाजून, पांढरी शुभ्र करून मातीत मिसळतात, आणि त्या कपातून चहा पिताना कुणाच्या मनात काही येत नाही. विद्याधरच्या मनात एके दिवशी आलं. हाडाचा कप होतो, तर त्या हाडाचं पुन्हा हाड का होऊ नये? माणसाच्या जबड्यात, नडगीत, जिथे खड्डा पडला असेल तिथे हा पांढरा तुकडा बसवला तर शरीर त्याला ओळखेल, आपला म्हणेल. मालकांना त्याने हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी ग्लेझच्या गोदामामागची खोली त्याला देऊन टाकली, बहुधा नजरेआड ठेवायला. खोलीत आधीपासून बाळ बसत असे. कपांवर जो चकचकीत लेप चढतो तो खरं म्हणजे काचच. ती काच वितळवणं, दळणं, तिचे रंग जमवणं हे बाळचं खातं. असे ते दोघे, एक हाडाचा आणि एक काचेचा, एका खोलीत, एका पंख्याखाली पंधरा वर्षं बसले. हाडाची भुकटी खलात घोटायची, साच्यात दाबून रुपयाएवढ्या वड्या करायच्या, त्या भट्टीत बाराशे डिग्रीला पक्क्या करायच्या, आणि मग यंत्राखाली ठेवून किती दाबाला फुटतात ते बघायचं. पहिली काही वर्षं बघण्यासारखं काही नव्हतंच. यंत्राखाली ठेवायच्या आधी त्या बोटांतच फुटत.

आणि मग फुटेनाशा झाल्या. सन ऐंशीचा तो हिवाळा विद्याधरला अजून आठवत होता. नुसता आठवत नव्हता, बोटांच्या पेरांत होता. पहिली न फुटलेली वडी त्याने अंगठ्याने दाबली, मग दोन अंगठ्यांनी, मग टेबलाच्या कडेवर आपटली, आणि तिचा आवाज आला. टण्. चिनी मातीचा येतो तसा. त्याच काळात त्याने भट्टी तापवायची पद्धत बदलली होती. घाई करायची नाही, आच इतकी हळू चढवायची की हाडाला कळताही कामा नये. संयम. त्याला वाटलं, वड्या संयमाने पक्क्या झाल्या. वडी मोडायला लागणारा दाब आणि आच चढवण्याचा वेग यांचा आलेख त्याने काढला, रेषा चढत गेली, आणि कारखान्यात तिला कोठारे-पद्धत म्हणू लागले. परदेशातले लोक हाडाच्या भुकटीत काच मिसळतात हे त्याने वाचलं होतं. काच वितळते, हाडाच्या कणांमधल्या फटीत शिरते, थंड झाली की सगळ्यांना धरून ठेवते. त्यावर तो खोलीत छोटंसं भाषण देत असे. "काच म्हणजे कुबड्या. लंगड्याला चालवून दाखवण्यात काय मोठंसं? माझ्या वडीत हाडाशिवाय काही नाही." बाळ समोर बसून ऐकत असे. मध्येच "वा" म्हणत असे. तो "वा" आज, टाळ्या थांबून लोक पांगल्यावर, रिकाम्या खोलीत बसलेल्या विद्याधरच्या कानात इतका स्वच्छ वाजला की त्याने मागे वळून पाहिलं.

बाळ काच कधी घालायचा, हे त्याला विचारायची गरजच नव्हती. भुकटी खलात तासभर घोटावी लागे. विद्याधर अर्धी घोटी, मग डबा खायला जाई, आणि हाताचा हाडकट वास जावा म्हणून जेवणाआधी साबण लावून दोनदा हात धुई. "जा, जेवून ये. मी फिरवतो," बाळ म्हणे. सहा वर्षं रोज म्हणे. कारखान्यातल्या सबंध व्यवहारात विद्याधरला हे एकच वाक्य निव्वळ मायेचं वाटत आलं होतं. बायकोला, वसुधालाही त्याने ते सांगितलं होतं: बाळ बघ, आपलं काम टाकून माझा खल फिरवतो. ती भाजी परतत होती आणि तिने झाऱ्याने कढईचा काठ दोनदा ठोकला होता. ते ठोकणं त्या वेळी भाजीचंच वाटलं होतं.

आणि ती सिलिका. वडी माणसात बसवून बघायला तयार झालेल्या रुग्णालयाने बाहेरच्या प्रयोगशाळेतून तिची तपासणी करून घेतली, तेव्हा तिच्यात थोडी सिलिका निघाली होती. सिलिका म्हणजे वाळू, म्हणजे काचेचं पीठच. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही तिथे थबकला असता. विद्याधर थबकला नाही. आजूबाजूला सगळी वर्कशॉपं, दिवसभर घासकाम, हवेत धूळ मावत नाही. धुळीतून आली असणार. त्याने खिडकीला ओला पडदा लावून घेतला. बाळने स्वतः स्टुलावर चढून खिळे ठोकले. आता तो पडदा समोर लोंबत होता, आणि विद्याधरला वाटलं, आपल्याला फसवायला फारशी हुशारी लागलीच नसेल; आपण सोबत हातोडीसुद्धा दिली होती.

त्याला काही शिव्या येत होत्या, पण त्या वापरायची सवय नसल्याने ऐन वेळी सापडल्या नाहीत. तो बसने घाटकोपरपर्यंत आणि तिथून पुढे मुलुंडला घरी गेला. वाटेत सारखी कमळ आठवत होती. कमळ वेसाव्याची कोळीण, विशी-बाविशीतली. तिच्या खालच्या जबड्यातली गाठ काढली होती आणि तिथे करंगळीच्या पेराएवढा खड्डा होता. त्या रुग्णालयातले डॉक्टर चंद्रप्रकाश त्या खड्ड्यात विद्याधरची वडी, नीट कोरून, बसवणार होते, पुढच्याच आठवड्यात. जबडा बघायला म्हणून डॉक्टरांनी एकदा त्याला बोलावलं होतं. कमळ एकाच बाजूने चावत चावत बोलत होती आणि तिची आई सोनूबाई, जी अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, तिने विद्याधरला खालून वर न्याहाळून विचारलं होतं, "कसला हाड हाय यो? माशाचा चालंल तं सांगा, आमचे घरान जाम हाय." सगळे हसले होते. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "भेसळ नाय ना त्यान काय? बर्फातल्या मासळीवानी नको. माजी पोर हाय." आणि विद्याधरने, ज्याने आयुष्यात कुठल्याच देवासमोर कधी छातीवर हात ठेवला नव्हता, त्याने सोनूबाईसमोर ठेवला. "हाडाशिवाय यात काही नाही, मावशी. माझा शब्द." शब्द. बसमध्ये त्याला तो शब्द जिभेवर खड्यासारखा लागला, भातात लागतो तसा, आणि थुंकायला जागा नव्हती.

वसुधाने दार उघडलं आणि त्याच्या हातात समारंभाच्या मिठाईचा पुडाही नाही, हे पाहून म्हणाली, "झालं बाळभाऊजींचं सगळं नीट?" तो चपला काढत होता. एका पायातली निघाली, दुसरी निघेना. "काच घालायचा तो," तो खाली बघत म्हणाला. "माझ्या वड्यांत." वर न बघताही त्याला कळलं, कारण ती "कसली काच" असं म्हणाली नाही. कँटीनमध्ये तो जे म्हणाला होता ते ती म्हणाली नाही. तिने आत जाऊन गॅस बारीक केला आणि परत आली.

"तुम्हाला आता कळलं?"

"म्हणजे तुला आधी."

"मीच सांगितलं होतं त्यांना," वसुधा म्हणाली. "तुम्ही ते साल आठवा. जेवत नव्हतात. रात्रभर छताकडे बघायचात. पोराने पाटी फोडली तर त्याला मारलंत, कधी हात न उचललेले तुम्ही. मी बाळभाऊजींना म्हटलं, काहीतरी करा, एकदा तरी ते फुटायचं थांबू दे. ते म्हणाले, वहिनी, एक चिमूट काचेचं काम आहे, पण तो घालणार नाही. मी म्हटलं, मग तुम्ही घाला."

"एकदा."

"एकदाच म्हटलं होतं. मग तुम्ही हसायला लागलात." ती पदराच्या टोकाला गाठ मारून सोडवत होती. "मग कोण सांगणार?"

रविवारी विद्याधर बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहिला. वसुधाने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला नेला. त्याला वाटत होतं, आपल्याला राग यायला हवा, आणि राग होताही, पण त्याला बसायला नीट जागा मिळत नव्हती. ज्याने फसवलं त्याने भल्यासाठी फसवलं. जिने फसवायला सांगितलं तिने मायेने सांगितलं. आजारी माणसाच्या औषधात साखर घालावी तशी त्याच्या आयुष्यात काच घातली होती, आणि आजाऱ्याने साखरेबद्दल भांडायचं तरी कुणाशी? सहा वर्षं आपण शास्त्रज्ञ नव्हतो, पेशंट होतो, एवढाच हिशेब निघत होता. या हिशेबाचीही हळूहळू सवय झाली असती; सवय होण्यात तो पहिल्यापासून हुशार होता. संध्याकाळी तो खिडकीशी उभा राहून पुन्हा तो आलेख मनात चढून जाऊ लागला. आच जितकी हळू, वडी तितकी पक्की. रेषा चढते, चढते. पण रेषा अशी कुठे होती? ती तर वरखाली होती. मधले उंचवटे आणि खळगे त्याने पट्टी लावून सरळ केले होते, मोजणीतली चूक म्हणून. आच सारखीच असताना एखाद्या महिन्यात वडी एकदम दणकट कशी, आणि एखाद्या महिन्यात लेचीपेची कशी? बाळच्या मुलीचं लग्न ठरलं तो महिना दणकट. बाळची दाढ दुखत होती तो महिना लेचापेचा. म्हणजे इतकी वर्षं आपण भट्टीचा आलेख काढत नव्हतो. बाळच्या मर्जीचा काढत होतो.

आणि मग आठवणीत मे महिना आला. त्र्याऐंशीचा मे. तो आपोआप आला नाही. विद्याधरला त्याच्याकडे जावं लागलं, जसं दुखऱ्या दाताकडे जीभ जाते. त्या मेमध्ये त्याला खातेप्रमुख केलं होतं. मालकांनी टेबलं हलवून घेतली आणि खोलीतला एकुलता एक पंखा विद्याधरच्या टेबलाच्या बरोबर वर आला. त्याने मागितला नव्हता. पण नकोही म्हटलं नव्हतं. बाळ भिंतीकडे गेला, भट्टीच्या बाजूला. तिथे शर्टाचं वरचं बटण काढून बसू लागला. त्याच महिन्यात कलकत्त्याची परिषद होती. नव्या वड्या मुद्दाम त्यासाठी केल्या. भट्टीतून निघाल्या त्या दिसायला नेहमीसारख्याच होत्या, पांढऱ्या, गुळगुळीत. गाडी पकडायची घाई, म्हणून यंत्राखाली ठेवल्या नाहीत. तीन वर्षांत बोटांत एकही फुटली नव्हती. बोरीबंदरला बाळ पोचवायला आला. खिडकीतून त्याने संत्र्यांची पिशवी आत दिली. "सांभाळून जा," म्हणाला. कलकत्त्याच्या सभागृहात विद्याधरने, नेहमी करायचा तसं, भाषणाच्या शेवटी वडी दोन अंगठ्यांत धरून उंच केली, "आता मी माझा सगळा जोर लावतो," असं म्हणाला, आणि तिचा भुगा झाला. आवाजसुद्धा आला नाही. पांढरी भुकटी त्याच्या बाहीवरून कोपरापर्यंत सांडली. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी सौजन्याने टाळ्या वाजवल्या आणि मग बाकीच्यांनी. परत येताना दोन दिवस तो विजेच्या दाबाला, भट्टीच्या तारेला, कलकत्त्याच्या दमट हवेला दोष देत संत्री सोलत होता. संत्री गोड होती.

वसुधाला त्याने हे सांगितलं नाही. तिला यातलं ठाऊक नसणार. ठाऊक असलं तर, ते त्याला ऐकायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी कारखान्यात पोचल्यावर त्याने पहिल्यांदा डॉक्टर चंद्रप्रकाशना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. वडीत काच आहे, किती आहे माहीत नाही, घालणाऱ्यालाही माहीत नाही. "काच आहे ते आम्हाला तपासणीतच दिसलं होतं, कोठारे," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुमचं ते काही गुपित आहे, म्हणून विचारलं नाही. काचेचं काही नाही. पण किती, हे तुम्हालाच माहीत नसेल तर मात्र मी हात लावणार नाही. मोजून घाला, पुन्हा तपासा, मग या. त्या मुलीला तोवर थांबवतो." म्हणजे इथेही सगळ्यांना ठाऊक होतं. कमळ आता आणखी कित्येक महिने एका बाजूने चावणार, आणि अंधेरीच्या बाजारात जाऊन ते सोनूबाईला सांगायचं काम कुणी आपण होऊन अंगावर घेणार नव्हतं.

दुपारी बाळ चाव्या परत द्यायला आला. नवा सदरा होता, निवृत्तीनंतरचा. चाव्यांबरोबर त्याने जॅमची एक जुनी बाटली टेबलावर ठेवली. तिच्यावर त्याच्या अक्षरात 'खाण्याचा सोडा' असं लिहिलं होतं. आत पांढरं पीठ. "आपल्या ग्लेझची नाही हां," तो घाईने म्हणाला. "त्यात शिसं असतं, ते मी तुझ्या वडीत घालीन का? ही वेगळी वितळवली होती. तुझ्याच हाडाची राख, थोडी वाळू, बाकी साधं. मेहनतीची आहे, विद्या."

"किती घालायचास?"

"चिमूट."

"चिमूट म्हणजे किती?"

"आता वहिनी पोह्यांत मीठ किती घालतात, त्यांना विचार बघू सांगता येतं का." बाळ हसला. एकटाच हसला, त्यामुळे ते हसू लवकर संपलं.

विद्याधरने काचेच्या पेटीतला तराजू ओढून मधे घेतला, रसायनं मोजायचा, ज्याचं दार उघडं राहिलं तर श्वासानेही काटा हलतो. पारड्यात कागदाचा कपटा ठेवला. मग त्याने हाताने खुर्ची दाखवली. बाळ बसला. पंखा त्या खुर्चीवर येत नव्हता.

"त्र्याऐंशीच्या मेमध्ये किती घातली होतीस?"

बाळने बाटलीचं झाकण उघडलं होतं, ते परत लावलं. बाहेर कुठल्याशा वर्कशॉपात पत्रा कापायचा आवाज चालू होता. तो थांबेपर्यंत बाळ थांबला. मग पत्राही थांबला आणि काही सबब उरली नाही.

"उकडत होतं रे फार," तो म्हणाला.

विद्याधरने पारड्यातला कपटा सरळ केला.

"एकदाच. त्या एकाच दिवशी. तू जेवायला गेलास, मी खल हातात घेतला, वर बघितलं तर तो पंखा तुझ्या रिकाम्या खुर्चीवर फिरतोय. मी म्हटलं, आज नाही घालणार. मग संध्याकाळपर्यंत म्हणत होतो, तुला सांगतो. मग तू निघालास."

"स्टेशनवर आला होतास."

"आलो होतो."

"संत्री घेऊन."

"संत्री मनापासून आणली होती, विद्या," बाळ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी भिजल्यासारखं झालं. सगळ्यात वाईट म्हणजे ते खरं असणार, हे विद्याधरला कळत होतं. संत्री मनापासून होती. काचही मनापासून होती. न घातलेली काचही मनापासूनच होती. या माणसाचं मन त्याने सहा वर्षं बाराशे डिग्रीला भाजलं होतं, यंत्राखाली ठेवून मोडलं होतं, त्याची रेषा काढून भाषणं दिली होती, आणि त्याला स्वतःचं नाव दिलं होतं. आता या माणसाला हाकलून द्यावं तर काचेची बाटली तेवढी उरते आणि चिमूट निघून जाते. चिमूट त्या जाडसर, नखाशी पिवळ्या पडलेल्या दोन बोटांतच होती. तिच्यावाचून कमळच्या जबड्याचा हिशेब कुठून सुरू करायचा हेही कळत नव्हतं.

"घाल," तो म्हणाला.

"काय?"

"नेहमी घालायचास तशी. चिमूट. पारड्यात घाल. मग कागद बदलतो, पुन्हा घाल. मी म्हणेपर्यंत घालायची."

बाळने झाकण काढलं. बोटं बाटलीत घातली, बाहेर काढली, आणि पारड्यावर आणून थांबवली. त्याच्या सवयीप्रमाणे त्याने मान थोडी कलती करून विद्याधरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज किती लागेल, हा जेवला आहे का, झोपला आहे का, रागावला आहे तो किती रागावला आहे. आणि ते पाहता पाहता त्याची बोटं आपोआप बाटलीकडे वळून थोडी जास्त घेऊ लागली.

"माझ्याकडे बघू नकोस," विद्याधर म्हणाला. "काट्याकडे बघ."